वाचकांनी दिलेल्या लिंकला आपली शिफारस कधी जोडावी

इंदूरमधल्या अनेक मराठी संस्थांची, गणेशोत्सव मंडळांची, वधू-वर सूचक केंद्रांची आणि शहराच्या इतिहासावर लिहिणाऱ्या हौशी अभ्यासकांची आता स्वतःची संकेतस्थळे आहेत. बहुतेक ठिकाणी ती वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीवर चालतात आणि संस्थेतला एखादा कार्यकर्ता नोकरी-व्यवसाय सांभाळून त्यांची देखभाल करतो. वाचकांनी अभिप्राय लिहावेत, कुणाच्या घरी जुने छायाचित्र किंवा पत्र असेल तर त्याने ते कळवावे, या हेतूने लेखाखाली प्रतिक्रियांची सोय ठेवलेली असते. या प्रतिक्रियांबरोबर लिंकही येतात, कधी मजकुरात तर कधी प्रतिक्रिया देणाऱ्याच्या नावामागे. या लिंक म्हणजे आपल्या संकेतस्थळाची शिफारस आहे असे गूगलसारख्या शोधयंत्राने मानावे का, याबद्दल आपली बाजू मांडण्याची सोय आपल्याला उपलब्ध आहे आणि त्याबरोबरची जबाबदारीही आपलीच आहे. माझे मत असे की, कुणीही येऊन ठेवलेल्या लिंकला आपोआप वजन मिळता कामा नये. मात्र संपादकाने जी लिंक स्वतः उघडून वाचली, तपासली आणि उपयुक्त ठरवली, तिला ते वजन उघडपणे आणि हात आखडता न घेता द्यावे. यातली पहिली गोष्ट संगणक आपोआप करतो, दुसरी माणसाला करावी लागते आणि म्हणूनच ती राहून जाते.

लिंकला वजन येते कोठून

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असताना पेजरँक ही पद्धत विकसित केली आणि १९९८ साली आपल्या शोधयंत्राविषयीच्या निबंधात ती मांडली. एखाद्या पानाकडे येणारी प्रत्येक लिंक हे त्या पानाच्या बाजूने पडलेले मत समजायचे, आणि मत देणारे पान जितके मान्यता पावलेले, तितके त्याचे मत वजनदार धरायचे, हे त्या पद्धतीचे सूत्र होते. पानाचे वजन त्याच्यावरून बाहेर जाणाऱ्या सर्व लिंकमध्ये सारखे वाटले जाई आणि ते ०.८५ या गुणकाने किंचित कमी होऊन पुढे सरके. खान नदीकाठच्या कृष्णपुरा छत्र्यांवर आपण एक लेख लिहिला आहे, त्या पानाचे वजन १ आहे आणि त्यात आपण निवडून दिलेल्या आठ लिंक आहेत असे धरले, तर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे ०.१०६ येतात. त्याच लेखाखाली चाळीस प्रतिक्रिया आल्या आणि प्रत्येक नावामागे एकेक लिंक असली, तर लिंकची संख्या अठ्ठेचाळीस होते आणि प्रत्येकीचा वाटा सुमारे ०.०१८ वर येतो. आजचे गूगल क्रम लावताना इतर कितीतरी गोष्टी विचारात घेते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पण लिंक हा शिफारशीचा प्रकार आहे, ही मूळ कल्पना अजून टिकून आहे.

लिंक देणे हे एखाद्याला जामीन राहण्यासारखे आहे. ज्याला आपण ओळखतो त्याच्यासाठी ते आनंदाने करावे, पण येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही आपल्या नावाची सही स्वतःच ठोकून जामीन मिळवावा, अशी सोय कोणताही शहाणा माणूस ठेवणार नाही.

नेमकी तीच सोय एके काळी सगळीकडे उघडी होती. तिचा फायदा घेऊन औषधे, जुगार आणि कर्जे विकणाऱ्यांनी हजारो पानांवर यंत्राच्या मदतीने प्रतिक्रिया टाकायला सुरुवात केली, तेव्हा जानेवारी २००५ मध्ये गूगलने नोफॉलो हा उपाय जाहीर केला आणि याहू व एमएसएन या तेव्हाच्या इतर मोठ्या शोधयंत्रांनीही तो स्वीकारला. लिंकच्या एचटीएमएल कोडमध्ये रेल नावाचा जो गुणधर्म असतो, त्यात हा एक शब्द घातला की, ही लिंक येथे आहे खरी, पण तिला माझी शिफारस समजू नका, असे शोधयंत्राला कळते. वर्डप्रेस आणि ब्लॉगर यांनी प्रतिक्रियांतल्या लिंकना तो आपोआप लावायला सुरुवात केली. विकिपीडियाने जानेवारी २००७ पासून बाहेर जाणाऱ्या लिंकना तो लावला.

तीन शब्द आणि त्यांचा आजचा अर्थ

१० सप्टेंबर २०१९ रोजी गूगलने नोफॉलोच्या जोडीला आणखी दोन शब्द दिले. पैसे, वस्तू किंवा सेवा यांच्या बदल्यात दिलेल्या लिंकसाठी स्पॉन्सर्ड आणि वाचकांनी स्वतः टाकलेल्या मजकुरातल्या लिंकसाठी यूजीसी असे ते शब्द आहेत. लिंक द्यायची आहे पण शिफारस करायची नाही, अशा उरलेल्या प्रसंगांसाठी नोफॉलो कायम राहिला. हे शब्द रेलसमोर मध्ये जागा सोडून एकत्रही लिहिता येतात, आणि जुन्या नोफॉलो लिंक बदलत बसण्याची गरज नाही, असेही गूगलने त्याच वेळी स्पष्ट केले.

त्याच घोषणेतला एक बदल मात्र अनेकांच्या लक्षातून सुटला आहे. तोपर्यंत क्रम लावताना गूगल नोफॉलो लिंक अजिबात विचारात घेत नसे. २०१९ पासून मात्र हे तिन्ही शब्द आज्ञा न राहता सूचना झाले, आणि १ मार्च २०२० पासून पान शोधणे व नोंदवणे या कामांसाठीही ते सूचनाच मानले जाऊ लागले. म्हणजे आपण लावलेली खूण गूगल बहुतेक वेळा पाळते, पण ती पाळलीच पाहिजे असे बंधन त्याच्यावर नाही. त्यामुळे आपण नोफॉलो लावला आहे, आता खाली कसलीही घाण साचली तरी हरकत नाही, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

आपल्या पानाचे वजन वाचवण्यासाठी नोफॉलो लावावा, हा समज अजूनही ऐकू येतो. काही वर्षे लोक खरोखर तसे करत आणि उरलेले वजन आपल्याच इतर पानांकडे वळेल अशी अपेक्षा ठेवत. गूगलचे मॅट कट्स यांनी २००९ मध्ये सांगितले की, वजनाची वाटणी करताना नोफॉलो लिंकही मोजल्या जातात आणि त्यांच्या वाट्याचे वजन दुसऱ्या कुणाला न मिळता वाया जाते. वरच्या उदाहरणात त्या चाळीस नावांना नोफॉलो लावला, तरी आपल्या आठ लिंकचा वाटा पुन्हा ०.१०६ होत नाही. म्हणून हा शब्द काटकसरीसाठी वापरण्यात अर्थ नाही. आपण ज्याची खात्री केलेली नाही, त्याच्या बाजूने बोलत नाही, एवढे प्रामाणिकपणे सांगण्यासाठीच तो वापरावा.

आपल्या संकेतस्थळाची आजची स्थिती पाहा

काही बदलण्यापूर्वी सध्या काय चालले आहे ते तपासावे. संगणकावर आपला असा एखादा लेख उघडा ज्याच्याखाली प्रतिक्रिया आहेत, नावामागे लिंक असलेली एक प्रतिक्रिया शोधा, तिच्यावर उजवे बटण दाबून इन्स्पेक्ट निवडा. उघडलेल्या कोडमध्ये त्या लिंकच्या रेलसमोर काय लिहिले आहे ते वाचा. वर्डप्रेसच्या २०१९ च्या अखेरीस आलेल्या ५.३ आवृत्तीपासून तेथे नोफॉलो आणि यूजीसी हे दोन्ही शब्द दिसायला हवेत. जुनी आवृत्ती असेल तर केवळ नोफॉलो दिसेल, आणि तेवढे पुरेसे आहे. दोन्हींपैकी काहीच दिसले नाही, तर बहुधा पूर्वीच्या कुणीतरी प्रतिक्रिया वाढाव्यात म्हणून नोफॉलो काढून टाकणारे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम, बसवले असावे. अशी प्लगइन एके काळी उदारपणाची खूण म्हणून मिरवली जात. ते शोधून बंद करावे.

हीच तपासणी आपल्या संकेतस्थळावर वाचक ज्या ज्या ठिकाणी स्वतः मजकूर भरू शकतात त्या प्रत्येक ठिकाणी करावी. सदस्यांची परिचयपाने, वधू-वर नोंदणीतला अधिक माहितीचा रकाना, अतिथी-नोंदवही आणि कार्यक्रमांच्या सूचना पाठवण्याचा अर्ज या जागांना वर्डप्रेसचे आपोआप लागणारे संरक्षण मिळेलच असे नाही, कारण त्या बहुतेक वेळा वेगवेगळ्या प्लगइनमधून आलेल्या असतात. सदस्याचे परिचयपान हे स्पॅम करणाऱ्यांचे विशेष आवडते ठिकाण आहे, कारण नोंदणी करून गप्प बसलेल्या खात्याकडे कुणी बघत नाही आणि त्याच्या पानावरची लिंक वर्षानुवर्षे तशीच राहते. नव्या सदस्याचे पान कुणीतरी पाहून मान्य करीपर्यंत त्याला नोइंडेक्स लावून ठेवावे, म्हणजे ते शोधनिकालांत येतच नाही.

सेटिंग्ज

वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये डिस्कशन नावाचे पान आहे. इतर संकेतस्थळांकडून येणाऱ्या पिंगबॅक आणि ट्रॅकबॅक, म्हणजे त्यांनी आपल्या लेखाला लिंक दिल्याच्या आपोआप येणाऱ्या सूचना, यांची परवानगी प्रथम बंद करावी, कारण छोट्या मराठी संकेतस्थळाला त्यांच्यातून उपयोगाचे फारच क्वचित काही मिळते. त्यानंतर प्रत्येक प्रतिक्रिया संपादकाच्या मान्यतेनंतरच दिसेल असा पर्याय निवडावा. ज्याची एक प्रतिक्रिया मान्य झाली त्याच्या पुढच्या प्रतिक्रिया थेट दिसाव्यात, असाही पर्याय तेथे आहे आणि तो सोयीचा वाटतो. पण पहिल्यांदा निरुपद्रवी वाक्य लिहून मान्यता मिळवायची आणि नंतर लिंक टाकायच्या, ही स्पॅम करणाऱ्यांची जुनी चाल आहे. आठवड्याला मोजक्या प्रतिक्रिया येणाऱ्या संकेतस्थळाला प्रत्येक प्रतिक्रिया वाचणे सहज शक्य आहे. एका प्रतिक्रियेत दोन किंवा अधिक लिंक असल्या तर ती रोखून धरण्याची मर्यादा वर्डप्रेसमध्ये मुळातच असते. आपण सगळ्याच प्रतिक्रिया वाचणार असल्यामुळे तिला हात लावण्याची गरज नाही.

त्याच पानावर शब्दांच्या दोन याद्या देता येतात. पहिल्या यादीतला शब्द आढळला तर प्रतिक्रिया मान्यतेसाठी थांबते आणि दुसऱ्या यादीतला आढळला तर ती थेट कचरापेटीत जाते. मराठी शब्द दुसऱ्या यादीत घालताना फार जपावे लागते, कारण वर्डप्रेस तो शब्द दुसऱ्या शब्दाच्या पोटातही शोधते आणि मजकुराबरोबर प्रतिक्रिया देणाऱ्याचे नावही तपासते. कर्जाच्या जाहिराती अडवण्यासाठी आपण ‘कर्ज’ हा शब्द घातला, तर कर्जतच्या वाचकाने गावाचा उल्लेख करून लिहिलेली आठवण कचऱ्यात जाते. ‘लोन’ घातला, तर सलोनी नावाच्या प्रत्येक मुलीची प्रतिक्रिया गायब होते आणि तिला त्याचे कारण कधीच कळत नाही. मराठी शब्द पहिल्या यादीतच ठेवावेत. दुसऱ्या यादीत फक्त वारंवार त्रास देणाऱ्या संकेतस्थळांचे पूर्ण पत्ते घालावेत.

प्रतिक्रियेच्या अर्जातला संकेतस्थळाचा पत्ता विचारणारा रकाना मी तरी काढून टाकण्याच्या बाजूचा आहे. आपल्या पानाविषयी खरोखर काही सांगायचे असणारा वाचक लिंक मजकुरातच देतो आणि ती का दिली हेही लिहितो, तर नावामागची लिंक संदर्भाविना येते. छोटासा कोड घालून किंवा त्यासाठीचे प्लगइन वापरून हा रकाना काढता येतो. एवढ्या एका बदलाने स्पॅम करणाऱ्याचे मुख्य आमिष नाहीसे होते. यंत्राने टाकलेल्या प्रतिक्रिया मात्र तरीही येत राहतात, कारण यंत्र आपल्या पानाची पाहणी करून मग येत नाही. २००५ पासून नोफॉलो लागू आहे आणि तरीही स्पॅम थांबलेला नाही, याचे तेच एक कारण आहे. दुसरे असे की, त्यांना शोधयंत्रातल्या क्रमाइतकेच एखाद्या भोळ्या वाचकाचे क्लिकही पुरते.

जुन्या लेखांवरच्या प्रतिक्रिया ठरावीक दिवसांनी आपोआप बंद करण्याची सोयही याच पानावर आहे. बातम्यांच्या संकेतस्थळांना ती योग्य असेल, पण स्थानिक इतिहासाच्या लेखाला सर्वांत मोलाची प्रतिक्रिया अनेकदा दोन-चार वर्षांनी येते, जेव्हा पुण्यात किंवा परदेशात स्थायिक झालेला कुणी आजोबांच्या रामबागेतल्या घराविषयी शोधता शोधता आपल्या पानावर पोहोचतो. म्हणून ही सोय सरसकट लागू करू नये. होऊन गेलेल्या कार्यक्रमांच्या सूचना आणि निमंत्रणे एवढ्याच पानांवरच्या प्रतिक्रिया क्विक एडिटमधून एकेक करून बंद कराव्यात.

मान्यतेसाठी थांबलेली प्रतिक्रिया कशी वाचावी

छत्र्यांवरच्या लेखाखाली दोन प्रतिक्रिया थांबल्या आहेत असे समजा. पहिलीत लिहिले आहे, ‘खूपच छान माहिती दिलीत, आपले लेखन नेहमीच उपयुक्त असते, असेच लिहीत राहा.’ नाव आहे ‘इंदूर प्लॉट स्वस्त दर’ आणि त्यामागे सुपर कॉरिडॉरजवळच्या जमिनी विकणाऱ्या एका पानाची लिंक आहे. मजकुरात छत्री नाही, नदी नाही, होळकर नाहीत. हेच वाक्य पुरणपोळीच्या कृतीखालीही तितकेच चपखल बसले असते. माणसाचे नाव नसून विक्रीचा शब्द नाव म्हणून आला आहे, ही सर्वांत स्पष्ट खूण. अशी प्रतिक्रिया स्पॅम म्हणून नोंदवावी, नुसती पुसू नये. अकिस्मेटसारखे गाळणीचे प्लगइन बसवले असेल, तर अशा नोंदीवरून ते शिकते. स्तुती आहे म्हणून लिंक काढून मजकूर ठेवण्याचा मोहही टाळावा, कारण त्या स्तुतीने वाचकाला काहीही मिळत नाही.

दुसरी प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि तिच्यात शुद्धलेखनाच्या चुका आहेत. लिहिणारा म्हणतो की, आपल्या लेखातल्या तिसऱ्या छायाचित्राखालची ओळ चुकीची आहे, त्यात दिसणारी छत्री वेगळी आहे, आणि हे पडताळून पाहण्यासाठी त्याने आपल्या वडिलांनी काढलेली नदीच्या बाजूची जुनी छायाचित्रे एका पानावर ठेवली आहेत. त्या पानाची लिंक त्याने दिली आहे. ही लिंक मान्य करण्यापूर्वी उघडावी, छायाचित्रे पाहावीत, पानावर आणखी काय आहे तेही पाहावे आणि शक्य असल्यास राजवाड्याकडून चालत जाऊन प्रत्यक्ष जागा ताडून यावी. एवढे केल्यावर त्याचे म्हणणे खरे ठरले, तर पुढची पायरी आपली आहे.

शिफारस लेखाच्या अंगात आणणे

मोलाच्या लिंकवरचा नोफॉलो प्रतिक्रियेतच काढून टाकता येतो. वारंवार चांगले योगदान देणाऱ्या विश्वासू सदस्यांच्या लिंकवरून ही खूण काढून त्यांचा गौरव करता येईल, असे गूगलच्या मार्गदर्शनातही म्हटले आहे. परंतु वर्डप्रेसमध्ये एकेका प्रतिक्रियेसाठी हे करणे किचकट असते आणि लिंक तरीही खालच्या गर्दीतच राहते. त्याहून चांगला मार्ग लेख सुधारण्याचा आहे. छायाचित्राखालची ओळ दुरुस्त करावी, ही दुरुस्ती एका वाचकाने सुचवली असे त्याच्या संमतीने नावानिशी नमूद करावे आणि त्याच वाक्यात त्याच्या पानाची लिंक द्यावी. ही लिंक आता संपादकाची आहे, म्हणून तिला नोफॉलो लावू नये, यूजीसी लावू नये आणि कोणतीही अट घालू नये. लिंकचे शब्दही अर्थपूर्ण असावेत. ‘येथे पाहा’ असे लिहिण्याऐवजी ‘कृष्णपुरा छत्र्यांची नदीकाठची जुनी छायाचित्रे’ असे लिहिले, तर वाचकालाही कळते आणि शोधयंत्रालाही.

यावर मी इतका जोर देतो त्याला कारण आहे. इंदूरच्या मराठी माणसाने लिहिलेल्या एखाद्या घराण्याच्या किंवा वाड्याच्या पानाकडे लिंक देणार कोण? मोठ्या वृत्तपत्रांना त्याची खबर नसते आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला ते पान आहे हेच ठाऊक नसते. त्याच विषयावर काम करणारी आपल्यासारखी दोन-चार संकेतस्थळे सोडली, तर त्याची शिफारस करायला दुसरे कुणी नाही. आपणही भीतीपोटी प्रत्येक बाहेरच्या लिंकला नोफॉलो लावू लागलो, तर ती पाने शोधनिकालांत कायम मागे राहतील आणि त्यांच्या जागी कुठलातरी उचललेला मजकूर वर येईल. मनापासून निवडलेल्या बाहेरच्या लिंकमुळे आपल्या संकेतस्थळाचा क्रम घसरतो, ही समजूत निराधार आहे. काही संस्था आपल्या संकेतस्थळावरच्या सगळ्याच बाहेरच्या लिंकना नोफॉलो लावणारे प्लगइन बसवतात. तसे करू नये.

एकदा दिलेली शिफारस वर्षातून एकदा तरी पुन्हा तपासावी. व्यक्तिगत संकेतस्थळाचे नूतनीकरण राहून जाते, तो पत्ता दुसराच कुणी विकत घेतो आणि जेथे आजोबांची छायाचित्रे होती तेथे सट्ट्याची जाहिरात दिसू लागते. असे झालेले आढळले तर लिंक काढावी, वाचकाचे नाव मात्र ठेवावे.

देणगीदार, जाहिरातदार आणि व्यावसायिकांची सूची

गणेशोत्सवासाठी नमकीनच्या दुकानाने पैसे दिले आणि त्याबद्दल आभाराच्या पानावर दुकानाची लिंक द्यायचे ठरले, तर त्या लिंकला स्पॉन्सर्ड लावावा. येथे नोफॉलोही चालतो, पण यूजीसी चालत नाही, कारण ती वाचकाने ठेवलेली लिंक नसून मोबदल्यात दिलेली लिंक आहे. दुकानाने रोख रक्कम न देता प्रसादाचे डबे दिले असतील तरी नियम बदलत नाही. देणगीदाराला हे आधीच सांगावे. लिंकवर क्लिक करून लोक दुकानापर्यंत पोहोचतील, दुकानाचे नाव ठळक दिसेल, मात्र शोधयंत्रातला क्रम आम्ही विकत नाही, असे म्हटले तर कुणी रागावत नाही.

मराठी व्यावसायिकांच्या सूचीचा निर्णय नोंद कशी होते यावरून करावा. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी स्वतः चौकशी करून, शुल्क न घेता नोंदी केल्या असतील तर त्या साध्या लिंक राहू द्याव्यात. व्यावसायिक स्वतः अर्ज भरून नोंद करत असतील तर यूजीसी, आणि नोंदीसाठी शुल्क असेल तर स्पॉन्सर्ड.

साचलेला कचरा काढणे

गूगलच्या शोधपट्टीत इंग्रजी अक्षरांत साइट हा शब्द, त्याला चिकटून अपूर्णविराम, त्याला चिकटून आपल्या संकेतस्थळाचा पत्ता आणि मग एक जागा सोडून ‘कसिनो’, ‘लोन’ किंवा औषधाचे एखादे नाव इंग्रजीतून लिहावे. आपल्याला ठाऊक नसलेली पाने समोर आली, तर ती बहुधा विसरलेली सदस्य-खाती किंवा अतिथी-नोंदवहीची पाने असतात. ती पुसावीत. त्यानंतर गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये आपल्या संकेतस्थळाची मालकी सिद्ध करून मॅन्युअल अ‍ॅक्शन्स हे पान पाहावे. वाचकांच्या नावाखाली साचलेल्या स्पॅमबद्दल गूगलच्या कर्मचाऱ्यांनी कारवाई केली असेल तर ती तेथे दिसते, आणि सफाई झाल्यावर तेथूनच फेरतपासणीची विनंती करता येते.

अमुक रुपयांत अमुक हजार बॅकलिंक (आपल्या संकेतस्थळाकडे येणाऱ्या लिंक) देतो, अशी पत्रे संस्थेच्या ईमेलवर आली तर ती सोडून द्यावीत. ते लोक दुसऱ्यांच्या प्रतिक्रियांच्या जागी आपल्या संस्थेचे नाव टाकत फिरतात, आणि त्या जागी नोफॉलो असल्यामुळे पैशांचे काहीही मिळत नाही. अशा कृत्रिम लिंकवर उभे राहिलेले क्रम एप्रिल २०१२ च्या पेंग्विन या बदलाने खाली आणले, आणि सप्टेंबर २०१६ पासून तो बदल गूगलच्या मुख्य पद्धतीचाच भाग होऊन अशा लिंकचे वजन परस्पर काढून घेऊ लागला. पूर्वीच्या पदाधिकाऱ्यांनी असे काही विकत घेतले असल्याचे आढळले आणि त्यावरून कारवाईची सूचनाही आलेली असली, तर शक्य तितक्या ठिकाणांहून लिंक काढण्याची विनंती करावी, आणि उरलेल्या लिंक विचारात घेऊ नका असे सांगणारी यादी डिसअव्हाउ या साधनातून गूगलला द्यावी. सूचना आलेली नसेल तर या साधनाच्या वाटेला सहसा जाऊ नये, कारण यादीत चुकून एखादी चांगली लिंक गेली, तर आपल्याच बाजूने पडलेले खरे मत आपण पुसून टाकतो.